लाल दिवे विझेपर्यंत

गाडीच्या टेस्टच्या दिवशी सकाळी वहिनींनी ओव्हनमधून केक काढला, तर तो फुगलाच नव्हता. ताटलीसारखा चपटा आणि कडेने तडकलेला. बेकिंग पावडर घालायची राहून गेली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नवऱ्याने वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "असू दे. याचा चुरा करून खालच्या थरात घालू."

"त्यात काय घालताय? फेकून द्या," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा मैदा चाळायला बसल्या. चाळता चाळता पाय मात्र टेबलाखाली क्लच दाबत होता.

त्यांना वहिनी सगळेच म्हणत. मूळ वहिनी त्या धाकट्या दिराच्या. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही म्हणू लागली, पोस्टमन म्हणू लागला, आणि आता तर दारावरच्या पाटीवरही 'वहिनींचे केक' असंच होतं. घराच्या मागच्या खोलीत मोठा ओव्हन, दोन फ्रिज आणि एक संगमरवरी ओटा. वहिनी केक भाजत, नवरा त्यावर फुलं-पानं काढी. त्याचा हात असा बारीक की क्रीमचा गुलाब लोक नखाने टोकरून बघत. पूर्वी पोहोचवायचं कामही तोच करायचा. मग त्याची पाठ गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली, आणि व्हॅनची किल्ली दिराकडे गेली.

तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं. दीर मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या अंगात जन्मजात घाई होती. केक घेऊन निघाला की वळणावर व्हॅन अशी काही घाली, की तीन मजली केकचा वरचा मजला खालच्याच्या मांडीवर येऊन बसे. वहिनींनी काही म्हटलं तर हसायचा. "वहिनी, गाडी चालवणं म्हणजे क्रीम फासणं नव्हे. रस्त्यावर दम लागतो." कधी यायचा, कधी फोनच उचलायचा नाही. गिऱ्हाइकाची बोलणी मात्र वहिनींनी खायची. शेवटी एक दिवस लग्नाचा केक वेळ टळून गेल्यावर पोहोचला, आणि वहिनींनी त्याच संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

गाडी त्या नीट शिकल्या. शिकवणाऱ्या मॅडम म्हणत, "इतका हलका ब्रेक मी कुणाचा पाहिला नाही." ब्रेक हलका असणारच. वहिनींच्या डोक्यात मागच्या सीटवर कायम एक केक ठेवलेला असे. पण टेस्टला त्या दोनदा नापास झाल्या. पहिल्यांदा गोलचक्करापाशी. गाड्या येताहेत, जाताहेत, आणि वहिनी आपल्या वाट पाहताहेत, की सगळ्या जाऊन रस्ता एकदाचा मोकळा होईल. तो काही झाला नाही. दुसऱ्यांदा मुख्य रस्त्याला लागताना तेच. दोन्ही वेळा परीक्षक एकच होते, उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे साहेब. आणि दोन्ही वेळा त्यांनी एकच कारण दिलं, की तुम्ही घुटमळता.

त्यामुळे तिसऱ्या खेपेला मॅडमनी एकच मंत्र दिला होता. "विचार करत बसू नका. जागा दिसली की निघा. घुटमळलात तर गेलात."

दिराने त्याच्या परीने भर घातलीच होती. "वहिनी, यंदाही नापास झालात तर साहेबांना केक पाठवा. मीच पोहोचवतो."

दुपारी टेस्टच्या कचेरीसमोर वहिनी गाडीत बसल्या. शेजारी तेच साहेब येऊन बसले. ही गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, तिला परीक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक होता. नियम साधा होता: परीक्षकाला तो ब्रेक दाबावा लागला, तर टेस्ट तिथेच संपली. साहेबांनी पट्टा लावला, मांडीवर फळी ठेवली, पेन काढलं आणि म्हणाले, "निघू या."

सुरुवात बरी झाली. गोलचक्कर आलं आणि वहिनी जवळजवळ डोळे मिटूनच आत शिरल्या, म्हणजे त्यांना तरी तसं वाटलं; प्रत्यक्षात सगळं नीटच झालं. मुख्य रस्त्याला त्या पहिल्याच फटीत शिरल्या. गाडी मागे घेऊन लावून दाखवली. आता फक्त वरच्या वस्तीतून वळसा घालून परतायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच पुढे शाळेची बस आली.

चढाचा, दोन पदरी, अरुंद रस्ता. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला कुंपणं आणि फाटकं. बसचे पिवळे दिवे लुकलुकू लागले, तसा वहिनींनी वेग कमी केला. मग लाल दिवे लागले आणि बसच्या अंगातून 'थांबा' असं लिहिलेल्या पाटीचा हात बाहेर आला. नियम वहिनींना झोपेतसुद्धा पाठ होता. लाल दिवे चालू आहेत आणि हात बाहेर आहे, तोवर मागच्यानेही हलायचं नाही आणि समोरून येणाऱ्यानेही नाही. अंतर सोडून थांबायचं. दिवे विझले, हात आत गेला, बस हलली, आणि रस्त्यावर कुठे मूल उरलं नाही असं दिसलं, की मगच निघायचं.

वहिनी थांबल्या. चांगलं अंतर सोडून, हँडब्रेक लावून. मुलांचं एक टोळकं उतरलं, बसच्या पुढून रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत गेलं. एकाच्या दप्तरातून पट्टी पडली, ती त्याने परत येऊन उचलली. मग कुणीच दिसेना. वहिनींनी हँडब्रेकवर हात ठेवला आणि दिवे विझायची वाट पाहू लागल्या.

दिवे विझेनात.

समोरून एक मोटार आली, थांबली, थोडा वेळ चुळबुळली आणि सरळ निघून गेली. मागून पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मग एकाने हॉर्नवर हातच ठेवला. आरशात पाहिलं तर शेपटासारखी रांग लागली होती. बस आपली थंड उभी. बसच्या रुंद पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

वहिनींनी चोरून साहेबांकडे पाहिलं. साहेब समोर पाहत होते. पेन हातात होतं, पण चालत नव्हतं.

"बस बंद पडली असेल का हो?" वहिनींनी विचारलं.

"मला काही सांगता येणार नाही," साहेब म्हणाले. "गाडी तुम्ही चालवताय."

हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता नाही गेलं तर घुटमळलात. आणि गेलं तर? नियम आहे. पण नियम मुलं उतरत असतानाचा आहे, आणि मुलं तर गेली. मुलं गेलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दिवे बिघडले असतील. एखादं बटण अडकलं असेल. फ्रिजचा दिवा नाही का, दार लावलं तरी जळत राहतो? वहिनींचं मन असं झोक्यासारखं इकडून तिकडे जात होतं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मागच्या गाडीतला एक माणूस उतरून आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. वहिनींनी काच खाली केली.

"बाई, बस बंद पडलीय. दिसत नाही का? किती वेळ उभ्या राहणार?"

"दिवे चालू आहेत," वहिनी म्हणाल्या.

"दिवे काय उद्या सकाळपर्यंत चालू राहतील. शिकाऊ आहात ना? मग बाजूला तरी घ्या. आम्हाला कामं आहेत." त्याची नजर साहेबांच्या मांडीवरच्या फळीकडे गेली आणि त्याचा आवाज जरा उतरला. "टेस्ट आहे होय? अहो, मग तर जा ना. अशा उभ्या राहिलात तर हे काय पास करतायत."

तो परत गेला. त्याच्या गाडीचं दार आपटल्याचा आवाज वहिनींच्या पाठीत जाऊन बसला.

आणि त्यांचा धीर सुटला. त्यांनी पहिला गिअर टाकला. आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, हँडब्रेक सोडला आणि चाक वळवून बसला वळसा घालायला गाडी बाहेर काढली. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे, पायरी न चुकता. गाडीचं नाक पलीकडच्या पदरात गेलं, आणि बसच्या कोपऱ्यापलीकडचा रस्ता पहिल्यांदा त्यांना दिसला.

बसच्या पुढे रस्त्याच्या मधोमध बसचा ड्रायव्हर होता. जाडसर, टोपीवाला. एक हात आडवा पसरलेला. दुसऱ्या हाताचं बोट धरून एक चिमुरडी चालत होती. दप्तर तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होतं, आणि चालताना ती रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेवर पाऊल ठेवायचा प्रयत्न करत होती. पलीकडच्या फाटकात चार पायांच्या चालण्याच्या घोडीला टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. नातीला घ्यायला त्यांना बसपर्यंत येता आलं नव्हतं. म्हणून बस थांबून राहिली होती.

वहिनींचा पाय ब्रेककडे गेला. पण त्याआधीच ब्रेक लागला होता. साहेबांचा पाय पडला होता. गाडी दोन्ही पदरांत तिरकी, आडवी उभी राहिली, आणि त्याच क्षणी मागून चाकं किंचाळली. इस्त्रीच्या शर्टवाला त्यांच्या मागोमाग भरधाव बाहेर पडला होता. त्याची गाडी वहिनींच्या दारापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. वहिनींची आडवी गाडी वाटेत नसती, तर तो थांबला नसता. थांबण्याचं त्याच्या मनातच नव्हतं.

हॉर्न सगळे एकदम बंद झाले.

बसच्या ड्रायव्हरने आवाजाच्या दिशेने पाहिलं. पण आधी चिमुरडीला आजोबांच्या हाती दिलं, फाटक लावून घेतलं, आणि मगच तो वहिनींच्या गाडीपाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, गाडी आडवी घातलीत म्हणून वाचलो," तो म्हणाला. "हे रोजचंच आहे. पण आज पोरगी हातात होती." मग इस्त्रीच्या शर्टवाल्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला मुलं आहेत का, साहेब?" त्या माणसाचे हात स्टिअरिंगवरच होते आणि तो त्या हातांकडे बघत बसला होता.

फाटकातल्या आजोबांनी घोडीवरचा एक हात उचलून कपाळाशी नेला. वहिनींनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई संकोची आहे.

बस गेली. साहेब म्हणाले, "गाडी तुमच्या पदरात घ्या. कचेरीकडे चला."

परतीच्या वाटेवर वहिनींनी कधी चालवली नव्हती इतकी छान गाडी चालवली. हातच आपोआप चालत होते. डोक्यात फक्त एवढंच फिरत होतं, की आपण गाडी आडवी घातली नव्हती, निघालो होतो, हे साहेबांच्या लक्षात आलं असेल की नाही.

कचेरीच्या अंगणात गाडी थांबली. साहेबांनी पट्टा काढला. "ब्रेक मला दाबावा लागला. त्यामुळे नापास."

आणि वहिनी, ज्यांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला शिळा केक ताजा म्हणून विकला नव्हता, त्या म्हणाल्या, "पण साहेब, ती मुलगी... मी गाडी आडवी घातली म्हणूनच तर तो थांबला. बसवाला म्हणाला ना."

साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागले.

"आडवी घालायची असती तर तुम्ही आधी इंडिकेटर दिला नसता," ते म्हणाले.

वहिनींच्या कानशिलांतून ऊन वाफ निघाल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"थांबल्या होतात त्याचा मी एकही गुण कापलेला नव्हता," साहेब पुढे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच वहिनींना जास्त लागलं. "अजून तासभर थांबल्या असतात तरी कापला नसता. वाटलं तर चारही इंडिकेटर लावायचे, म्हणजे मागच्यांना कळतं. बाकी काही करायचं नसतं. मला बोलता येत नाही तेव्हा, नियम आहे. पण मी मनात म्हणत होतो, की ही बाई तरी थांबेल." ते दार उघडून उतरले. मग पुन्हा वाकून म्हणाले, "पुढची तारीख खिडकीवर घ्या. आणि घरी जाताना रिक्षाने जा. आज पुन्हा चाकाला हात लावू नका."

घरी पोहोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. मॅडमनी फोन केला होता. त्यांना कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, त्याला बसमागच्या रांगेतल्या कुणीतरी. नवरा दारातच उभा होता, हाताला गुलाबी क्रीम तसंच.

"नापास झालीस तर झालीस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "एका लेकराचा जीव वाचवलास. असली लायसन्सं छप्पन्न मिळतील."

वहिनी आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. घासलेली भांडी पुन्हा घासली. संध्याकाळच्या केकवर शेवटचा हात फिरवायचा होता, पण चाकू क्रीमवर टेकवला की रेघ वाकडी जायची. नवऱ्याला वाटलं, धसका घेतलाय. शेजारीण येऊन कौतुक करून गेली. खाली वाण्याने नवऱ्याला अडवून सगळं पुन्हा ऐकून घेतलं, आणि प्रत्येक सांगण्यात वहिनींची गाडी जरा जास्त वेगाने आडवी होत गेली. जितकं कौतुक व्हायचं तितक्या वहिनी आक्रसत होत्या. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. रस्त्यावर कुठे हॉर्न वाजला की अंगावर काटा यायचा.

सातच्या सुमाराला दीर केक न्यायला आला. त्यालाही कळलं होतं. "काय वहिनी, झाशीची राणी," तो हसत म्हणाला आणि ओट्यावरून, नवऱ्याने न फेकता ठेवलेल्या सकाळच्या केकच्या चुऱ्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "पण खरं सांगू? एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नव्हतं. त्या बस दोन-दोन मिनिटं दिवे लावून उभ्या असतात. सगळ्यांसाठी थांबत बसलो तर केक दुसऱ्या दिवशी पोहोचेल. मी तर बघतो, कुणी नसलं की सटकतो. डोळे असतात की माणसाला."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "मीही सटकलेच होते."

नवऱ्याने केकवरून मान वर केली.

"मी आडवी घातली नाही. मी निघाले होते. इंडिकेटर देऊन, आरसा बघून निघाले होते. मलाही कुणी दिसत नव्हतं. ब्रेक साहेबांनी मारला. ती पोर रेघेवरून चालत होती. पाय रेघेवर पडावा म्हणून खाली बघत होती. तिला मी दिसलेच नव्हते."

नवऱ्याने हातातली क्रीमची पिशवी खाली ठेवली. दिराने तोंडातला घास कसाबसा गिळला.

"पण झालं तर काही नाही ना," तो म्हणाला.

"किल्ली द्या," वहिनी म्हणाल्या.

"कसली?"

"व्हॅनची."

"म्हणजे? आणि हा केक कोण नेणार? तुम्ही? लायसन्स नाही तुमच्याकडे."

"टॅक्सीने नेईन. मांडीवर घेऊन बसेन."

दिराने भावाकडे पाहिलं. भाऊ नेहमी मध्ये पडून मिटवायचा. त्या दिवशी नाही पडला. दिराने किल्ली ओट्यावर टाकली. "एका चुकीचा राग माझ्यावर काढताय, वहिनी," एवढं म्हणून तो गेला. त्यात काही अगदीच खोटं नव्हतं, आणि ते वहिनींनाही कळत होतं.

पुढचे काही आठवडे ओढाताणीचे गेले. टॅक्सीवाले केकचा खोका बघून नाकं मुरडायचे. एकाने तर डिकीत ठेवा म्हटलं. दिराचं येणं-जाणं बंद झालं. नवऱ्याने एकदा चाचरत विषय काढला, "चूक तुझीही होती, मग शिक्षा त्याला एकट्याला का?" वहिनी म्हणाल्या, "मला साहेबांनी दिलीय. त्याला कुणी द्यायची?" पण त्यांनाही रात्री नीट झोप लागत नव्हती. एकदा दुपारी त्या चालत त्या वरच्या रस्त्याला गेल्या, बस यायच्या वेळी, आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या. चिमुरडी उतरली, ड्रायव्हरने हात धरून पलीकडे नेली. वहिनींना त्याला सगळं खरं सांगायचं होतं. त्याने त्यांना ओळखलं आणि लांबूनच हात केला. बसमध्ये अजून मुलं होती, मागे गाड्या तटून होत्या, त्याला थांबायला वेळ नव्हता. सांगायचं तसंच राहिलं.

चौथ्या खेपेला त्या पास झाल्या. परीक्षक दुसरेच कुणी होते, एक तरुण बाई. रस्त्यात बस लागलीच नाही. वहिनींना त्याची रुखरुखच लागली.

ती बातमी ऐकून दीर आला. आल्या आल्या पाया पडला, तो नेहमी चेष्टेत पडायचा तसा नाही. चहा झाला. मग म्हणाला, "वहिनी, परवा एका बसमागे थांबलो. मागचे सगळे शिव्या घालत होते. तुमची आठवण आली."

"थांबलात ना पण?"

"थांबलो. जीव अगदी खालीवर होत होता."

"माझाही होतो," वहिनी म्हणाल्या.

किल्ली त्यांनी त्याला परत दिली, पण पूर्वीसारखी नाही. भल्या सकाळची आणि संध्याकाळची डिलिव्हरी त्याची. शाळा भरायची आणि सुटायची वेळ वहिनींनी स्वतःकडे ठेवली. नवरा म्हणाला, "सगळ्यात कटकटीची वेळ घेतलीस की."

"हो," वहिनी म्हणाल्या आणि खोका उचलून व्हॅनकडे गेल्या.